गेल्या वर्षीच्या झावळ्या

राखेच्या बुधवाराआधीचा रविवार.
पोतं घेऊन मी कोळीवाड्यातून फिरतो,
गेल्या वर्षीच्या झावळ्या द्या हो, झावळ्या.

कुणी तसबिरीमागून काढून देतं,
कुणी विजेच्या मीटरवरून, कोळिष्टकासकट.
सालूची फ्रिजवर होती, तिला हळदीची बोटं.
पावलू रुमाव होडीच्या नाळेवरची सोडून आणतो,
मिठानं पांढरी, अर्धी झिजलेली.
म्हणतो, हिनं आख्खा हंगाम बघितलाय,
हिला जरा जपून जाळ.

आपोलीन काकी दारातच उभी.
तिच्या भिंतीवर झावळी आहे, पण तो मासा आहे.
एकेक पात गुंफून बर्तोलनं केलेला,
खवले, शेपूट,
डोळ्याच्या जागी गुंज.
बर्तोल कुवेतला, टगबोटीवर.
तीन वर्षं फोन नाही.
"चौथ्यांदा मागतोयस," काकी म्हणते,
"राख करायला तो काय मेलाय?"

मी पोत्याचं तोंड आवळतो.

चर्चच्या मागे, विहिरीपाशी, लोखंडी घमेल्यात
काडी लावली की झावळ्या आधी कुजबुजतात
आणि मग एकदम पेटतात.
वास धुपाचा येत नाही,
भाजलेल्या सुक्या बोंबलाचा येतो.
पावलूची असणार.
एवढ्या पोत्याची राख किती होते म्हणाल?
एक वाटी.
ती मी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चाळतो.

बुधवारी त्याच वाटीत फादरचा अंगठा.
होडीच्या वाट्यावरून कोर्टात गेलेले दोन भाऊ
एकामागोमाग कपाळ पुढे करतात.
कुणाच्या घरची राख कुणाला लागली
हे मलाही सांगता यायचं नाही.
काकीलाही लागली,
शेजाऱ्यांची.

मग चाळीस दिवस.
सालूनं मालिका सोडली;
जाऊ भिंतीपलीकडून तिला रोजचा भाग सांगते.
पावलूनं तंबाखू सोडली;
हात खिशाकडे जातो, वाटेतच ओशाळतो,
जाळं विणायला लागतो.
शुक्रवारी मांस नको, मासे चालतील,
असं नवे फादर म्हणाले तेव्हा
आख्खं चर्च खुसखुसलं.
मासे आम्हांला कधी चालत नाहीत?
म्हणून आम्ही मासेच सोडतो.
बाहेर वलांडीवर बोंबील वाळतात,
घरात मुगाची डाळ शिजते,
आणि मांजर आमच्याकडे
आम्ही धर्म बदलल्यासारखं बघतं.
रोज एक मूठ तांदूळ डब्यात,
मिठागरावरच्या बिऱ्हाडांसाठी.
मी काय सोडलं ते सांगणार नाही.
तिसऱ्या दिवशी मोडलं.
पुन्हा धरलं.

शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट,
बंदरावरून, सुकत्या जाळ्यांमधून, चौदा ठिकाणी थांबत.
चौथं ठिकाण काकीच्या दारात येतं:
वाटेत त्याला आई भेटते.
वाचणारा पोरगा दरवर्षी वेगळा,
पण इथे अडखळतो तसाच.
काकीची मेणबत्ती खाडीच्या वाऱ्यानं विझते.
ती लावते.
विझते.
आम्ही सगळे गुडघ्यांवर, वाळू रुततेय,
आणि तिची काडी पेटेपर्यंत
पुढचं कुणी वाचत नाही.

मग तो शुक्रवार. घंटा गप्प.
मी लाकडी खटखटी फिरवत गल्लीगल्लीतून जातो.
पावलूचा नातू विचारतो, घंटेला काय झालं?
तिचाही उपास आहे, मी म्हणतो.
तो आपली गोळी तोंडातून काढतो,
बघतो,
परत घालतो.

शनिवारी मध्यरात्री चर्चच्या आवारात नवा अग्नी.
दिवे सगळे मालवलेले, फक्त ओंडक्यांचा उजेड,
आणि त्या उजेडात आपोलीन काकी,
पदराखाली काहीतरी.
मासा.
मी श्वास धरला.
ती वाकली, जाळाच्या अगदी जवळ,
माशाला एका अंगानं शेक दिला,
मग उलटून दुसऱ्या अंगानं,
पापड फिरवावा तसा.
फुंकर मारली. पदरात ठेवला.

"कसर लागत होती," म्हणाली,
आणि मेणबत्ती पेटवून
रांगेत माझ्यापुढे जाऊन उभी राहिली.